पद : सहायक

माझ्या कपाटात एका खाकी लिफाफ्यात एक व्हाउचर आहे. मूळ नव्हे, कार्बन प्रत. मे 1998. कार्यशाळेचे दिवस 7, दर दिवशी 150 रुपये, एकूण 1,050. ‘पद’ या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, सहायक. खाली पैसे घेणाऱ्याची सही. अक्षरं सावकाश, एकेक करून काढलेली, शिरोरेघ मात्र एका दमात ओढलेली. निवृत्त झाले त्या दिवशी टेबलाचे खण रिकामे करताना मानपत्रं, स्मृतिचिन्हं, शालींचे खोके सगळं तिथंच ठेवून आले. ही प्रत तेवढी पर्समध्ये घालून घरी आणली.

सही करणाऱ्यांना आम्ही बबा म्हणायचो. छत्तीसगढीत बबा म्हणजे आजोबा. तेव्हा ते साठीच्या आसपास असतील. नक्की वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. राजनांदगावच्या पलीकडचं गाव, दीड एकर धानाची शेती, आणि चाळीस वर्षं नाचा पार्टीत जोक्कड.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. नाचा हा छत्तीसगढचा रात्रभराचा खेळ. गावाच्या चौकात चार खांब, वर चांदवा, तीन बाजूंना माणसं. जेवणं उरकली की सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. पूर्वी वादक वाद्यं कमरेला बांधून उभ्यानंच वाजवायचे, त्याला ‘खडे साज’ म्हणत. बायकांच्या वेशातला पुरुष म्हणजे ‘परी’, आणि हसवणारा, टोचणारा, अख्खा खेळ अंगावर घेणारा तो ‘जोक्कड’. मधल्या प्रहसनांना म्हणतात ‘गम्मत’. भंडारा-गोंदियाच्या माणसाला इथं खडी गंमत आठवेल, आणि ते बरोबरच आहे. मधे फक्त बाघ नदी आहे, आणि नदीला कला अडवता येत नाही. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी गावोगाव विखुरलेले असे कलावंत गोळा करून रवेली नाचा पार्टी उभी केली आणि त्या नादात घरची जमीन घालवली. बबा त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. गवय्ये लावतात तसा.

मी मात्र नाचा पहिल्यांदा नीट पाहिला तो वयाच्या तिशीनंतर. आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. घरात मराठी, ओट्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी. नाटक म्हणजे आमच्यासाठी गणपतीतलं, महाराष्ट्र मंडळाचं. पुण्या-मुंबईत गाजून शिळं झालेलं तीन अंकी नाटक इथल्या बँकेतल्या, रेल्वेतल्या, वीज मंडळातल्या माणसांनी दोन महिने तालमी करून बसवायचं. वडील प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून अख्खं नाटक कुजबुजत म्हणायचे, आणि घरी आल्यावर त्यांचा घसा नायकापेक्षा जास्त बसलेला असायचा. नाचा हा आमच्या दृष्टीनं कामवाल्या बाईच्या गावचा प्रकार होता. हे लिहिताना आज बरं वाटत नाही, पण होतं ते असं.

पुढं मी औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकले. अप राइट, डाउन लेफ्ट, चौथी भिंत, भावनिक स्मृती असा सगळा ऐवज गाठोड्यात बांधून 1986 साली रायपूरला परतले आणि काही वर्षांनी एका संस्थेच्या नाट्यपदविका वर्गावर शिकवायला लागले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दर वर्षी चौदा-पंधरा मुलं. संस्थेचं नाव इथं नको, कारण पुढं जे घडलं त्यात लेखणी माझी होती.

ते दिवस ‘मान्यता’ या शब्दाचे होते. बंगळूरला 1994 साली नॅकची स्थापना झाली होती, आणि देशातल्या कॉलेजांचं गुणांकन होणार ही बातमी हळूहळू आमच्या आडबाजूच्या व्हरांड्यातही पोचली. संगीतवाल्यांना तशी चिंता नव्हती. मराठी घरात ‘ती विशारद आहे’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्या परंपरेतून परीक्षांची शिडी उभी राहिली. आमच्या जवळच खैरागढला तर 1956 पासून अख्खं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, राजवाड्यात भरणारं. नाटकाला अशी शिडी नाही. आपल्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असायचा. गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ लिहिणारे म्हणून आपल्याला माहीत, पण त्यांच्या काळात त्यांचा दबदबा होता तो तालीममास्तर म्हणून. तालीममास्तरानं घडवलेल्या नटाला कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही. बिलासपूरचे सत्यदेव दुबे मुंबईत क्रिकेट खेळायला गेले आणि मराठी रंगभूमीला शिकवून राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेला नट ‘दुबेंकडे होतो’ एवढंच सांगायचा आणि ऐकणारा सावरून बसायचा. पण व्हाउचरावर ‘दुबेंकडे होतो’ असा रकाना नसतो.

तर 1998 च्या उन्हाळ्यात लोकनाट्याची कार्यशाळा घ्यायचं ठरलं. खरं कारण सांगते. मूल्यांकनाच्या फाइलीत ‘स्थानिक परंपरेशी सांधा’ असं काहीतरी दाखवायला हवं होतं. कुणीतरी बबांचं नाव सुचवलं. ते एका पिशवीत धोतर, घुंगरांची जोडी आणि कांद्यांची जुडी घेऊन आले. मेसचं जेवण त्यांना चालेना. पहाटे स्वतःच बोरे-बासी खायचे, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मीठ-मिरची. मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हावर याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांना आमचं काम दाखवलं. संध्याकाळी आवारातल्या कडुनिंबाखाली मी आणि एका विद्यार्थ्यानं एक प्रवेश केला, वीसेक मिनिटांचा. समोर मुलं, मेसच्या बाया, चौकीदाराचं कुटुंब, शेजारची पोरं. माझं काम चांगलं झालं असं मला वाटलं. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. बबांनी विचारलं, “नोनी, कतका झन उठिन?”

नोनी म्हणजे पोरी, बाळ. आणि प्रश्न असा, की किती जण उठून गेले?

मला माहीत नव्हतं. मला ते माहीत नसणं हेच माझं शिक्षण होतं! चौथी भिंत पक्की, नजर सहकलाकारावर, एकाग्रतेचं वर्तुळ कसं आखायचं हे मी इतरांना शिकवत होते. बबा म्हणाले, तीन उठले. मेसची बाई डाळ लागेल म्हणून गेली. एक पोरगा कुत्र्यामागे पळाला. आणि चौकीदाराचा म्हातारा बाप उठला, तो परत आला नाही. पहिल्या दोघांत तुझी चूक नाही. तिसऱ्यात आहे. तो कंटाळला, आणि कंटाळायच्या आधी त्यानं दोनदा तुझ्याकडे पाहिलं होतं. तू एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाहीस.

इतकं नेमकं परीक्षण माझं कुणी केलं नव्हतं, ना त्याआधी ना त्यानंतर. परीक्षक म्हणतात, आवाज चांगला, हालचाल जड, भूमिकेचा अभ्यास अपुरा. इथं तीन प्रेक्षक मोजलेले होते, तिघांची कारणं वेगळी लावलेली होती, आणि त्यातलं एकच माझ्या खात्यावर टाकलं होतं.

पुढचे सहा दिवस हेच चाललं. मुलांनी दोघादोघांची गम्मत करायची, आणि संपली की बबा विचारणार. कडुनिंबाला टेकलेल्या माणसाच्या गमछ्याचा रंग कोणता? कोणती बाई हसली नाही? समोरचं पोर उठायला लागलं तेव्हा तू काय केलंस? उत्तर आलं नाही तर पुन्हा करायचं. प्रसंग तोच, संवाद तेच. पण उठणाऱ्या पोराला खेळाच्या बाहेर न पडता परत बसवायचं. ओरडून नाही. बबा स्वतः करून दाखवायचे. भांडणाच्या ऐन रंगात ते साथीदाराला ज्या शिव्या देत होते त्यातली एक त्या पोराच्या दिशेनं वळवायचे, पोर चमकून बसायचं, आणि भांडणाचा सूर जराही हलायचा नाही. आमची एक मुलगी रोज उशिरा यायची. बबांनी तिला कधी बोल लावला नाही. तिचा प्रवेश मात्र रोज लवकर ठेवायचे, आणि ती नसली की बाकीच्यांनी तिच्याविना खेळ ओढायचा, ‘ती येतेच आहे’ असं म्हणत म्हणत. चौथ्या दिवशी ती वेळेवर आली.

सातव्या दिवशी हिशेब. हेडक्लार्क जाणते गृहस्थ होते, वाईट अजिबात नव्हते. त्यांनी सांगितलं, मॅडम, ‘तज्ज्ञ’ लिहायचं तर पदव्युत्तर पदवी लागते, दिवसाला 500 रुपये. पदवी नसेल तर ऑडिटवाले आक्षेप काढतील आणि वसुली तुमच्याकडून होईल. ‘सहायक’ लिहा, 150 मध्ये बसेल, कुणी विचारणार नाही. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्याच आठवड्यात दोन तासांचं व्याख्यान दिलं होतं, लोकनाट्यावरच. ते तज्ज्ञ होते.

मी पेन उघडलं आणि लिहिलं. मिनिटसुद्धा गेलं नाही.

बबांनी कागद हातात घेतला. अक्षरओळख होती त्यांना. गम्मतीचे संवाद नाही, पण गाणी वहीत उतरवून ठेवायचे. बोट ठेवून वाचलं आणि अगदी साधेपणानं, काही समजून घ्यायचं राहिलंय अशा आवाजात विचारलं, “मैं काकर सहायक आंव, मॅडम?”

मी कुणाचा सहायक आहे?

सात दिवस नोनी म्हणत होते. त्या एका वाक्यात मी मॅडम झाले. मी नियमांचं काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली, सही केली, नोटा मोजल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना कांद्यांची उरलेली जुडी मेसच्या बाईला देऊन गेले.

हबीब तन्वीर यांची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण ती कळली त्या उन्हाळ्यात. हबीबजी रायपूरचेच. लॉरी म्युनिसिपल शाळेत शिकले, मग नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. 1955 साली लंडनला राडामध्ये अभिनय शिकायला गेले. राडा म्हणजे 1904 पासूनची संस्था, नाट्यशिक्षणातलं याहून मोठं नाव जगात शोधून सापडणार नाही. पण अभिनय हा भाषेला बांधलेला असतो, दुसऱ्यांच्या भाषेत तो शिकून काय करू, असा प्रश्न पडून ते वर्षभरानं ब्रिस्टलच्या ओल्ड विकमध्ये दिग्दर्शन शिकायला निघून गेले. तिथल्या डंकन रॉस या शिक्षकांचं ऋण ते आयुष्यभर सांगत राहिले. 1958 मध्ये परतल्यावर रायपूरच्या बाजूचे सहा नाचा कलावंत घेऊन त्यांनी ‘मिट्टी की गाडी’ केलं. आणि मग बराच काळ काही केल्या जमेना. हे कलावंत तीन बाजूंच्या प्रेक्षकांत वाढलेले, ज्या बाजूनं दाद येईल तिकडं वळणारे. त्यांना हे उजवं-डावं, इथून तिथं, इतक्या पावलांत असं आखून देत राहिले. शिवाय बोलायला लावलं हिंदीत. आपलं चुकतंय कुठं, हे उमजायला 1970 उजाडलं. त्यांनी स्वतःच जाहीरपणे या दोन चुका सांगितल्या आहेत, मातृभाषा काढून घेतली ती एक आणि मोकळी हालचाल काढून घेतली ती दुसरी. मग 1973 मध्ये रायपूरला नाचाचं शिबिर झालं, तीन जुन्या गम्मती एकात एक गुंफून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ तयार झालं. 1975 ला ‘चरणदास चोर’. 1982 मध्ये त्याच नाटकाला एडिंबरोला फ्रिंज फर्स्ट. ज्या देशातल्या शाळेचं शिक्षण बारा वर्षं खर्चून त्यांनी अंगावरून उतरवलं होतं, त्याच देशानं.

हबीबजींना बारा वर्षं लागली. मला बबांनी सात दिवसांत सांगितलं होतं, आणि आठवा दिवस उजाडायच्या आत मी त्यांना सहायक करून टाकलं.

प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी बबांची कसोटी अभ्यासक्रमात आणायचं ठरवलं. छत्तीसगढ राज्य झाल्यावर, 2001-02 च्या सुमाराला अभ्यासक्रम नव्यानं लिहायची वेळ आली, तेव्हा अभिनयाच्या प्रात्यक्षिकात मी एक बाब घातली : ‘प्रेक्षकभान, 10 गुण’. सादरीकरण खऱ्या, ये-जा करणाऱ्या प्रेक्षकांपुढं. नंतर परीक्षकानं विचारायचं की काय दिसलं. अभ्यासमंडळात चर्चा झाली. बाहेरचा परीक्षक हे मोजणार कसं? दोन परीक्षकांचे गुण वेगळे पडले तर? प्रेक्षकच आले नाहीत तर विद्यार्थ्याचं नुकसान नाही का? सगळे प्रश्न रास्त होते, मलाही उत्तरं देता आली नाहीत. तडजोड अशी निघाली की विषय राहू द्या, लेखी परीक्षेत घ्या. पुढच्या वर्षी प्रश्नपत्रिकेत आलं, ‘प्रेक्षकभान म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा.’ मुलांनी प्रकार लिहिले. एकानं तर पाच लिहिले. मी स्वतः त्याला 10 पैकी 8 दिले.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी प्रमाणांच्या, मान्यतेच्या विरोधात आहे. मुळीच नाही. रायपूरमध्ये, भिलाईत, नागपुरात किती ‘ॲक्टिंग अकॅडमी’ उघडल्या नि बंद पडल्या हे मी पाहिलंय. वर्षभराची फी आगाऊ, शिकवणारा एखाद्या मालिकेत दोनदा दरवाजा उघडलेला, तालमीची जागा म्हणजे कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा, आणि शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. मुलीनं उशिरापर्यंत तालीम केली तर तिला घरी सोडणार कोण, याचासुद्धा नियम नाही. अशा दुकानांपासून मुलांना वाचवायचं तर कुणीतरी दारात उभं राहून विचारायलाच हवं, शिकवणारे कोण, तास किती, जागा सुरक्षित आहे का, शिकून बाहेर पडलेल्यांचं पुढं काय झालं. इंग्लंडनं हेच केलं होतं. 1975 साली गुलबेंकियन फाउंडेशनचा व्यावसायिक नाट्यशिक्षणावरचा अहवाल आला आणि 1976 मध्ये नॅशनल काउन्सिल फॉर ड्रामा ट्रेनिंग स्थापन झालं. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडते. त्या परिषदेत नाट्यशाळा तर होत्याच, पण नटांची संघटना होती आणि नटांना काम देणारेही होते. तिथं त्या काळी इक्विटी या संघटनेचं कार्ड असल्याशिवाय रंगभूमीवर काम मिळणं दुरापास्त. परिषदेनं मान्य केलेल्या अभ्यासक्रमातून आलेल्याला ते कार्ड मिळणं सोपं जायचं. म्हणजे मान्यतेचा संबंध थेट पोटाशी होता. तेही टिकलं नाही म्हणा. 2012 मध्ये परिषद दुसऱ्या एका संस्थेशी एकत्र होऊन नवी संस्था झाली आणि तीही थोड्याच वर्षांत मिटली. आपल्याकडं राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला 2005 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि 2011 मध्ये विद्यालयाच्याच विनंतीवरून तो काढून घेतला गेला. ही बातमी वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले होते. मिळालेली मान्यता परत करणारी संस्था मी तोवर पाहिली नव्हती.

नियम मात्र सुधारत गेले, हे मान्य करायला हवं. आणि सुधारताना कुठं अडखळले तेही बघण्यासारखं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत कला-विषयांसाठी पारंपरिक कलावंताला अध्यापक होण्याची वेगळी वाट आहे. संगीतासाठी त्या वाटेवर विचारतात, नामांकित गुरूकडं शिकलात का, आकाशवाणीची ए श्रेणी आहे का. म्हणजे गुरू हीच पदवी. नाटकासाठी त्याच वाटेवर विचारतात, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची किंवा तसल्याच मान्य संस्थेची पहिल्या वर्गातली पदवी किंवा पदविका आहे का. नाचाला, खडी गंमतीला, झाडीपट्टीला गुरू नसतातच असं कुणीतरी धरून चाललंय. झाडीपट्टीत वडसा-देसाईगंजच्या कंपन्या दिवाळीनंतर रात्रीमागून रात्री नाटकं करतात, तिथले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. या वाटेनं ते अध्यापक होऊ शकले नसते. 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आली, तीत औपचारिक पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. ते वाचलं तेव्हा मी निवृत्त झाले होते. बबांना जाऊनही काही वर्षं झाली होती.

त्यांच्या गावी मी एकदाच गेले, 2009 च्या दिवाळीनंतर. जायला अकरा वर्षं लागली याचं समर्थन माझ्याकडं नाही. त्या वर्षी जूनमध्ये भोपाळला हबीबजी गेले. त्याच वर्षी त्यांच्याकडचे गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली. निर्मलकर राजनांदगावजवळच्या मोहाराचे, नाचातूनच आलेले. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो बघताना मला व्हाउचरावरची शिरोरेघ आठवत राहिली. फरक काढला. दिवसाला 350, सात दिवसांचे 2,450. पाकिटात घातले. व्याज किती लावावं ते कळेना म्हणून लावलं नाही.

बबा अंगणात खाटेवर होते. गुडघे गेले होते, नाचा सुटला होता. धान कापून झालेलं, खळ्यावर मळणी चाललेली. मला त्यांनी लगेच ओळखलं. मी पाकीट दिलं, काय ते सांगितलं. न मोजता त्यांनी ते उशीखाली सरकवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मला वाटलं होतं ते नको म्हणतील, किंवा जुनं काही काढतील. तसलं काही नाही. कष्टाचे होते, आले, ठेवले.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. नावं त्यांना आठवत नव्हती, पण मुलं सगळी आठवत होती. उशिरा यायची ती कुठं आहे? मी सांगितलं, रायपूरच्या शाळेत शिकवते. वेळेवर जाते का? आपलं वाक्य संपलं की डोळे मिटून घ्यायचा तो? तो मुंबईला गेला. बाईचं काम देऊ केलं की रुसायचा तो? मिशी होती म्हणून? तो शेती बघतो. भांडणात खरंच राग यायचा ती? लग्न झालं, इंदूरला असते. असे तेरा झाले. चौदावा त्यांनी विचारला, “अउ ओ टूरा, जेन अपन गोड़ ला देखत रहय?”

आणि तो पोरगा, जो आपल्या पायांकडे बघत राहायचा?

मला आठवेना. मी दोन वर्षं शिकवलेला मुलगा, त्यांनी सात दिवस पाहिलेला. “सांगते बघून,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, व्हाउचरावर सही करताना हलवली होती तशीच, आणि गुडघ्याच्या तेलाविषयी बोलायला लागले. निघताना म्हणाले, “बने जाबे, नोनी.”

रायपूरला येऊन जुनं हजेरीपत्रक काढलं. चौदा नावं, पुढं गुण, शेरे. पायांकडे बघण्याचा उल्लेख कुठंच नव्हता, असणार तरी कसा? तेरा नावांवर खूण केली आणि उरलेल्या एकावर बोट ठेवलं. अभिनय प्रात्यक्षिक 100 पैकी 71. शेरा : समाधानकारक. अक्षर माझंच.

तो भिलाईला बँकेत होता. फोनवर आधी ‘मॅडम, मॅडम’ करत राहिला. मी विचारलं, तू पायांकडे बघायचास का रे? क्षणभर गप्प झाला आणि मग हसला. म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलं? बबांनी सकाळी तुम्ही यायच्या आधी माझ्या उजव्या पायाला त्यांचं एक घुंगरू बांधलं होतं. पाय ऐकू येत असला की बघावा लागत नाही, म्हणाले. मग तीन दिवस बांधूनच सगळं केलं मी, धोतराच्या आत, कुणाला दिसू नये असं.

मी म्हटलं, “आणि मग?”

“मग ते गेले, मॅडम. घुंगरू माझ्याकडेच राहिलं. अजून आहे. द्यायचं राहूनच गेलं.”